विचारा की! : आत्ता पिलेला चहा आठवत नाही, साठ वर्षांपूर्वीच्या ओव्या मात्र तोंडपाठ

मागच्या अंकात म्हटलं होतं की पुढच्या वेळी फक्त आठवणीबद्दलचे प्रश्न घेऊ. तर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही, सहा निवडले. मी कॉलेजात तीस वर्षं प्राणीशास्त्र शिकवलं आणि त्यात मेंदू हा माझा सगळ्यात आवडता विषय, त्यामुळं पहिलं उत्तर बरंच लांबलंय, पण ते वाचल्याशिवाय पुढची नीट कळायची नाहीत, तेव्हा जरा दमानं वाचा.

मी नववीत आहे, कसबा बावड्यात राहतो. फोनची मेमरी फुल्ल झाली की मला फोटो डिलीट करावे लागतात. मेंदूची मेमरी कधी फुल्ल होते का? आणि मी तिसरीत असताना पप्पांच्या खांद्यावर बसून जोतिबाच्या यात्रेला गेलतो, सगळीकडं गुलालच गुलाल, ते मला अजून दिसतंय. ते आत नक्की कुठं ठेवलंय?

बाळा, लई भारी प्रश्न विचारलास. याच प्रश्नामागं माणसं शंभर वर्षांहून जास्त लागलीत.

फोनमध्ये फोटो एका जागी पडून असतो, तू बघ नायतर नको बघू, तो तसाच. मेंदूत असा एकही फोटो नाही. तिथं आहेत पेशी, साधारण 8,600 कोटी, तुमच्या पुस्तकात त्यांना चेतापेशी म्हणतात, आपण न्यूरॉन म्हणू. एकेक न्यूरॉन दुसऱ्या हजारो न्यूरॉनशी बोलत असतो. बोलतो म्हंजे काय, तर त्याच्या लांब शेपटातून विजेचा एक झटका पळत जातो आणि टोकाला पोचला की थांबतो, कारण पुढची पेशी त्याला चिकटलेली नसतेच, मध्ये फट असते. केवढी? एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग कर, त्यातला एक भाग, एवढी. या जोडाला सिनॅप्स म्हणायचं. वीज तिथं थांबते आणि टोकातून रसायन सुटतं, बहुतेक ठिकाणी ग्लुटामेट, ते पलीकडं जाऊन पुढच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हंजे रसायन ओळखणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं आणि मग त्या पेशीत वीज सुरू होते. फट आहे हेच आधी लोकांना पटत नव्हतं. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल मायक्रोस्कोपखाली बघून हातानं चित्रं काढायचे, त्यांनी सांगितलं की प्रत्येक पेशी सुटी आहे. 1906 साली त्यांना नोबेल मिळालं ते इटलीच्या कामिल्लो गोल्जींबरोबर वाटून. आणि गंमत अशी की पेशी रंगवायची रीत गोल्जींचीच, पण ते त्या नोबेलच्या भाषणातसुद्धा सगळं एक सलग जाळं आहे असंच मांडत होते.

काहालनी आणखी एक अंदाज केलेला, 1894 मध्येच, की शिकताना नव्या पेशी तयार व्हायची गरज नाही, असलेल्या पेशींमधले जोड पक्के झाले तरी पुरे. नंतर कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी 1949 साली ते अजून नेमकं केलं. एक पेशी दुसरीला पुन्हा पुन्हा पेटवायला हातभार लावत असेल तर त्या दोघींमधला जोड घट्ट होत जातो. हे सगळं तोवर कागदावरच होतं. 1973 साली टिमथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी ओस्लोत केलेलं काम छापून आलं, त्यांनी बेशुद्ध केलेल्या सशाच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात भराभर विजेचे झटके दिले आणि मग बघितलं तर तो जोड तासन्‌तास जास्त जोरात काम करत राहिला. थोड्या सेकंदांचा झटका आणि तासांचा परिणाम! मला विचारशील तर आठवणीच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा दिवस तो.

आता हे घडतं कसं ते नीट बघ, कारण सगळी मजा इथंच आहे. पुढच्या पेशीवर ग्लुटामेटसाठी दोन प्रकारची दारं असतात. एक एएमपीए, ते साधं, ग्लुटामेट आलं की उघडतं. दुसरं एनएमडीए, ते चिवट आहे, त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. बँकेतला लॉकर बघितलाएस का? त्याला दोन चाव्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, एकट्या चावीनं उघडत नाही. एनएमडीए तसंच. पहिली चावी म्हंजे समोरून आलेलं ग्लुटामेट, दुसरी चावी म्हंजे ही पेशी स्वतः त्याच वेळी जोरात पेटलेली असणं, तसं झालं तरच बूच उडतं. म्हंजे या एवढ्याशा प्रोटीनला कळतं की इकडची आणि तिकडची पेशी एकाच वेळी जागी होती! गुलालाचा रंग, 'चांगभलं'चा आवाज, पप्पांचा खांदा, हे सगळं तुझ्या डोक्यात एकाच वेळी आलं, तिथं असं लाखो ठिकाणी झालं असणार.

बूच उडालं की कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम आलं की आत कामाला सुरुवात, कॅमके-टू नावाचं एन्झाइम जागं होतं, आणि थोड्याच मिनिटांत त्या जागी जास्तीची एएमपीए दारं आणून बसवली जातात. आता पुढच्या वेळी तेवढंच ग्लुटामेट आलं तरी आवाज मोठा. पेशीच्या फांदीवर जिथं हा जोड असतो तिथला बारीक कोंबसुद्धा फुगून मोठा होतो, जिवंत मेंदूत मायक्रोस्कोपनं हे बघितलेलं आहे. उसाच्या रानात ज्या पाटानं जास्त पाणी जातं तो पाट रुंद होत जातो ना, तसं.

तर तुझी जोतिबाची आठवण एका जागी नाहीच. रंग मेंदूच्या मागच्या बाजूला, आवाज कानाजवळच्या भागात, स्पर्श वरती, आणि त्या सगळ्यांना एकत्र बांधणारी दोरी हिप्पोकॅम्पसमध्ये. नुसता गुलाल दिसला तरी त्यातल्या थोड्या पेशी पेटतात आणि त्या बाकीच्यांना ओढून घेतात. हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही, अमेरिकेत एमआयटीमध्ये सुसुमू तोनेगावा यांच्या गटानं 2012 साली उंदरात करून दाखवलं. एका डब्यात उंदराला पायाला हलका शॉक दिला, त्या वेळी हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी पेटल्या त्यांच्यात प्रकाशाला दाद देणारं प्रोटीन तयार होईल अशी व्यवस्था आधीच केलेली. मग उंदीर दुसऱ्याच, सुरक्षित डब्यात असताना त्या पेशींवर निळा प्रकाश टाकला तर तो जागच्या जागी भीतीनं थिजला. त्या मूठभर पेशी पेटवल्या आणि आठवण आली.

फुल्ल होण्याचं म्हणशील तर तसं होत नाही. क, म, ल ही तीनच अक्षरं घे, कमल लिही नायतर कलम लिही, अक्षरं तीच, शब्द वेगळा. एकच न्यूरॉन असा कितीतरी आठवणींत भाग घेतो. भरते ती फक्त ताबडतोबीची पाटी, कुणी दहा आकडी नंबर सांगितला आणि मध्येच आईनं हाक मारली की नंबर गेला, ती पाटी लहानच असते आणि सगळ्यांचीच लहान असते.

हे झालं मिनिटांचं आणि तासांचं. तिसरीतली गोष्ट नववीत कशी टिकली ते खाली अभ्यासिकेतल्या दादाच्या उत्तरात आहे, ते पण वाच.

पोरगं दहावीला आहे आणि तालमीत पण जातं. सनावळ्या काय केल्या डोक्यात राहत नाहीत, पण वस्तादांनी दाखवलेला डाव महिनाभर घोटला की जन्मात विसरत नाही. डोकं एकच आहे की दोन? आणि थंडाईतल्या बदामानं काय फरक पडतो का? (शिवाजी पेठ)

डोकं एकच, पण आठवणीची खाती वेगवेगळी.

हे कळलं ते एका माणसामुळं. हेन्री मोलेसन, अमेरिकेतला, त्याला लहानपणापासून फिट्स यायच्या. 1953 साली, तो 27 वर्षांचा असताना, फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या पण त्या दिवसानंतरची एकही नवीन घटना त्याच्या डोक्यात राहिली नाही, रोज भेटणारी बाई रोज अनोळखी. ती बाई म्हंजे ब्रेंडा मिल्नर, मानसशास्त्रज्ञ. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या कडेनं पेन्सिल फिरवायला दिली. करून बघा, लई अवघड जातं, हात उलटाच पळतो. तीन दिवस सराव केला, तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईदार चालायला लागला, आणि त्याला विचारलं तर म्हणतो मी हे आयुष्यात कधी केलं नाही! म्हंजे हाताला आठवत होतं, माणसाला नव्हतं.

तुमच्या पोराचा धोबीपछाड हा या हाताच्या खात्यातला. ते खातं मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम नावाच्या भागात आणि मागं मानेच्या वर असलेल्या लहान मेंदूत चालतं. लहान मेंदूतली एक गोष्ट मला फार आवडते, तिथं पुर्किंज्ये नावाच्या मोठ्या झाडासारख्या पेशी आहेत आणि डाव चुकला की चुकीचा निरोप तिथं येतो आणि ज्या जोडांमुळं चूक झाली ते जोड ढिले केले जातात. पहिल्या उत्तरात जोड घट्ट होतो म्हटलं, इथं नको तो जोड सैल करूनही शिकणं होतं. म्हणून तालमीत चुकून पडणं वाया जात नाही. सनावळ्या मात्र हिप्पोकॅम्पसच्या खात्यात, तिथं हात-पाय चालवून काही होत नाही, तिथं काय चालतं ते पुढच्या उत्तरात लिहिलंय, पोराला वाचायला द्या.

बदामाचं. बदाम खुराक म्हणून चांगलाच आहे, खाऊ दे, पण खाल्ल्यावर पाठांतर वाढेल असा कुठलाच एक पदार्थ नाही. व्यायामाचा मात्र मेंदूला खरंच फायदा होतो, तेव्हा दहावी आहे म्हणून तालीम बंद करू नका.

मी राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी करतोय, तिसरा अटेम्प्ट. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत वाचतो, पुस्तक हायलाइट करून पिवळं झालंय, वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि पेपरात कोरा. माझ्या मेंदूतच काय प्रॉब्लेम आहे का?

भावा, मेंदू तुझा ठणठणीत आहे. तू त्याला वेळ देत नाहीस एवढंच. आणि हे मी नुसता धीर द्यायला म्हणत नाही, याच्यामागं पेशीतलं कारण आहे.

1960 च्या दशकात गोल्डफिशवर प्रयोग झाले. माशाला एक गोष्ट शिकवायची आणि लगेच त्याच्या डोक्यात असं औषध सोडायचं की नवीन प्रोटीन बनणं थांबेल. मासा शिकायचा नीट, थोडा वेळ लक्षातही ठेवायचा, पण दोन-तीन दिवसांनी सगळं साफ. तेच औषध तासाभरानं दिलं तर काही फरक नाही, आठवण टिकली. याचा अर्थ काय, तर पहिली आठवण असलेल्या मालावर होते आणि टिकाऊ आठवणीला नवीन माल लागतो, आणि तो माल शिकल्यानंतरच्या वेळात तयार होतो.

माल कोण मागवतं हे एरिक कँडेल यांनी शोधलं. त्यांनी माणूस, माकड सगळं सोडून समुद्रातली एक गोगलगाय घेतली, ॲप्लिशिया, कारण तिच्याकडं न्यूरॉन फक्त 20,000 च्या आसपास आणि ते एवढे मोठे की काही तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. लोकांनी नावं ठेवली, गोगलगायीवरून माणसाची आठवण कशी कळणार म्हणून. शेपटीला एक शॉक दिला की ती काही मिनिटं दचकत राहायची आणि मग विसरायची, पण मध्ये वेळ सोडून पुन्हा पुन्हा दिला तर दिवसेंदिवस लक्षात. मग नुसत्या दोन पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावर सेरोटोनिन टाकलं, म्हंजे शॉक बसला की तिच्या अंगात सुटतं ते रसायन. एकदा टाकलं तर जोड काही मिनिटं घट्ट, थोडा-थोडा वेळ सोडून पाच वेळा टाकलं तर दिवसाच्या वर घट्ट. पाच वेळा टाकल्यावर निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो, तिथं क्रेब नावाचं प्रोटीन जनुकं चालू करतं, जनुकं नवीन प्रोटीन बनवतात आणि त्यातून चक्क नवीन सिनॅप्स उगवतात. शिकलेल्या गोगलगायीत त्या पेशीचे जोड जवळजवळ दुप्पट झालेले मोजलेत. 2000 साली कँडेलना नोबेल मिळालं. तुझ्या आठवणीचा आणि बांधकामाचा संबंध हा असा अक्षरशः आहे.

आणि वर बावड्याच्या पोराला सांगायचं राहिलेलं इथंच सांगते. ही प्रोटीनं काही वर्षानुवर्षं राहत नाहीत, दिवसांत-आठवड्यांत झिजतात आणि बदलली जातात, तरी तिसरीतली जोतिबाची यात्रा टिकते. पंचगंगेचं पाणी रोज नवं आणि पात्र तेच, तसा जोडाचा आकार पेशी राखत राहते.

आता झोप. 1994 मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचं रेकॉर्डिंग केलं, तिथं जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, उंदीर या कोपऱ्यात गेला की ही पेटते, त्या कोपऱ्यात गेला की ती, जॉन ओकीफ यांनी 1971 ला शोधलेल्या. फिरताना ज्या पेशी एकत्र पेटल्या त्याच उंदीर झोपल्यावर पुन्हा एकत्र पेटत होत्या, नंतरच्या कामात तर दिसलं की तोच रस्ता फास्ट फॉरवर्डमध्ये पुन्हा पुन्हा चालतो. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस अशी दिवसाची उजळणी बाहेरच्या मेंदूला, म्हंजे मेंदूच्या वरच्या थराला, देत असतो. तू तीनपर्यंत जागून सहाला उठतोस म्हंजे दिवसभर विटा वाहतोस आणि गवंड्याला सुट्टी देतोस.

म्हणून माझं ऐकशील तर अकराला पुस्तक मिटव. एक धडा एका रात्रीत चार वेळा वाचण्यापेक्षा आज, परवा, पुढच्या आठवड्यात आणि मग महिन्यानं असा वाच. आणि वाचू नको, आठव. पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर लिही, चुकलं की मगच उघडून बघ. हायलाइट बघून जे 'ओळखीचं' वाटतं ना ती ओळख आहे, आठवण नाही, आणि पेपरात ओळख कामाला येत नाही कारण तिथं पुस्तक समोर नसतं. बाहेर काढायचा सराव केला की तोच जोड घट्ट होतो, रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 साली विद्यार्थ्यांवरच हे तपासलंय. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर नुसतं पुन्हा वाचणारे पुढं होते, आठवड्यानं घेतली तर आठवून बघणारे पुढं. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

मी मूळची कागल तालुक्यातली, आता पुण्यात आयटीत. परवा एका दुकानात ताज्या गुळाचा वास आला आणि मी तिथंच उभी राहिलो, आज्जीचं गुऱ्हाळ, काहिलीची वाफ, हातावर गरम गूळ, सगळं. फोटो बघून एवढं कधी होत नाही. असं का?

'उभी राहिलो' वाचून बरं वाटलं, पुण्यात जाऊनही आपली बोली सोडली नाहीस.

डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या स्टेशनवर थांबतं, तिथून पुढं. वासाला ते स्टेशन लागत नाही. नाकातून घ्राणकंद नावाच्या वासाच्या भागात आणि तिथून थेट अमिग्डला, म्हंजे भावनेची जागा, आणि हिप्पोकॅम्पसच्या दारातच. शिवाय फोटो तू शंभरदा बघितलाएस, त्याच्याशी शंभर आठवणी जोडल्यात, गुऱ्हाळाचा तो कच्च्या रसाचा आणि धुराचा वास मात्र फक्त आज्जीशीच जोडलेला राहिला. हंगामात एकदा गावाकडं ये.

चिखलीत आमचं घर आहे. 2019 च्या पुरात पाणी छतापर्यंत आलं, बोटीतून बाहेर काढलं, 2021 ला परत तेच. आता पत्र्यावर पाऊस जोरात वाजायला लागला की छातीत धडधडतं, रात्रभर झोप नाही. दुसरं म्हणजे मालक सांगतात आधी म्हस सोडली मग पोरांना बोटीत बसवलं, आणि मला पक्कं आठवतंय की आधी पोरं बसवली. पावणे आले की हाच विषय निघतो आणि आमची भांडणं. कोण खोटं बोलतंय?

ताई, कुणीच खोटं बोलत नाही.

आधी धडधडीचं. जिवावर बेतलं की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं आणि मेंदूत त्याचं भावंड नॉरॲड्रेनलिन, ते अमिग्डलाला जागं करतं आणि अमिग्डला त्या क्षणी जे जे काही चाललंय ते घट्ट बांधून ठेव म्हणून सांगते. वर लिहिलेलं जोड घट्ट होण्याचं काम इथं एका फटक्यात होतं, पाच वेळा लागत नाही. पत्र्याचा आवाज त्या रात्री पाण्याबरोबर बांधला गेला. ज्या कँडेलांचं वर लिहिलं त्यांचं बघा, 1938 साली व्हिएन्नात, नववा वाढदिवस होऊन दोनच दिवस झालेले, नाझी पोलिसांनी दारावर धडाधड थापा मारल्या आणि घरातल्यांना बाहेर काढलं. त्या थापा त्यांना म्हातारपणीसुद्धा ऐकू यायच्या, आणि एवढी पक्की आठवण होते कशी हाच प्रश्न घेऊन ते पुढं आयुष्यभर काम करत राहिले. तर ही तुमची भित्री वृत्ती नाही, मेंदूनं तुम्हाला वाचवायला केलेली सोय आहे, फक्त ती आता साध्या पावसातही वाजते.

भीती पुसली जात नाही, पण तिच्यावर नवीन शिकवण बसवता येते, कपाळामागचा मेंदू अमिग्डलाला गप्प राहायला शिकतो. त्याला पुरावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. पत्रा वाजायला लागला की आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जा, 39 फुटांला इशारा, 43 फुटांला धोका. 20-25 फूट असेल तर ते मोठ्यानं म्हणा, चहा ठेवा, घरच्यांशी बोलत बसा. पाऊस वाजला आणि काही झालं नाही, असं खूपदा व्हायला पाहिजे. आणि झोप अशीच उडत राहिली तर मानसोपचार डॉक्टरांना जरूर दाखवा, यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

आता म्हस आधी की पोरं. 2000 साली करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराला आवाजाची भीती शिकवली, ती पक्की झाली, मग दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डलात प्रोटीन थांबवणारं औषध दिलं. पक्की झालेली आठवण उडाली! नुसतं औषध दिलं, आवाज ऐकवला नाही, तर उडाली नाही. म्हंजे आठवण बाहेर काढली की ती मऊ होते आणि परत ठेवताना पुन्हा प्रोटीन लावून बांधावी लागते, आणि त्या मऊ वेळात तिच्यात नवीन काहीतरी मिसळू शकतं. तुम्ही दोघांनी पावण्यांपुढं ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल? दर वेळी थोडी पुन्हा बांधली गेली, तुमची तुमच्या पद्धतीनं, त्यांची त्यांच्या.

आणि 'पक्कं आठवतंय' याच्यावर जाऊ नका. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठं कळली, बरोबर कोण होतं, शिवाय त्याच दिवसांतली एक साधी घटनाही लिहून घेतली. काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा विचारलं. दोन्ही आठवणी सारख्याच बदलत गेल्या होत्या, फरक एवढाच की हल्ल्याच्या आठवणीबद्दल खात्री जशीच्या तशी होती. पाणी आलं होतं, बोट होती, पोरं आणि म्हस दोन्ही वाचली, हे दोघांच्याही आठवणीत एकच आहे ना? क्रमासाठी भांडू नका.

मी मंगळवार पेठेतली सून. सासूबाई 78 वर्षांच्या. चहा दिला की पाचव्या मिनिटाला म्हणतात सूनबाई, सकाळपासून चहाचा थेंब नाही. शेजारणीसमोर म्हणतात तेव्हा जीव नकोसा होतो. पण जात्यावरच्या ओव्या एकामागून एक म्हणतात, त्यांच्या लग्नात कोण कोण आलतं ते सांगतात. नणंद म्हणते आई नाटक करते. खरंच नाटक असतं का हो?

नाही हो ताई. नणंदेलाही हे वाचून दाखवा.

चहा पिल्याची आठवण पाच मिनिटं टिकायची तर हिप्पोकॅम्पसमध्ये ती बांधली जायला पाहिजे. वर मोलेसनचं लिहिलंय, त्याचा तो भाग काढला तर त्याला आत्ताची गोष्ट राहत नव्हती पण लहानपणीचं सांगता येत होतं, कारण जुनं सामान एव्हाना बाहेरच्या मेंदूत पसरून बसलेलं असतं. अल्झायमर नावाचा आजार सुरू होतो तो बऱ्याचदा याच भागातून. हिप्पोकॅम्पसच्या दाराशी असलेल्या पेशींत टाऊ नावाच्या प्रोटीनचे गुंते होतात, पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या दुसऱ्या प्रोटीनचे थर साचतात, आणि पेशी मरायच्या आधीच त्यांचे सिनॅप्स गळायला लागतात. तुम्ही दिलेला चहा त्यांच्या जिभेला लागला, गोड वाटला, पण बांधलाच गेला नाही. म्हणून त्यांच्या लेखी तो खरंच मिळालेला नाही, त्या तुमच्यावर आळ घेत नाहीत. ओव्या मात्र लहानपणापासून हजारदा म्हटलेल्या, जात्याच्या फेऱ्याबरोबर, तालात, त्या हाताच्या खात्यातही आहेत आणि जुन्या खात्यातही.

पण घरबसल्या अल्झायमर ठरवू नका. बी-12 कमी असणं, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, यानंही असाच विसरभोळेपणा दिसतो आणि यातलं बरंचसं बरं होतं. आधी रक्त तपासा, चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यूरॉलॉजिस्टकडं न्या, आणि कधीपासून, कसं सुरू झालं ते तुम्ही सांगा, त्यांना सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मला तुम्हाला आवर्जून सांगायची आहे. हिप्पोकॅम्पस खराब झालेल्या माणसांना, आणि नंतर अल्झायमर असलेल्यांनाही, रडवणाऱ्या आणि हसवणाऱ्या फिल्मचे तुकडे दाखवून बघितलंय. काय बघितलं ते थोड्या वेळात विसरले, पण वाईट वाटणं तसंच राहिलं, बरं वाटणंही तसंच राहिलं. म्हंजे 'आत्ताच तर दिलता' म्हणून तुम्ही आवाज चढवलात तर सासूबाई चहा विसरतील, तुमचं बोलणं विसरतील आणि का कुणास ठाऊक पण दुपारपर्यंत जीव घाबरा राहील. तुम्ही दमता हे मला कळतंय, दिवसातून दहा वेळा तेच ऐकणं सोपं नाही, आणि नणंदेनं आठवड्यातले दोन दिवस येऊन बसावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण वाद घालू नका. अर्धा-अर्धा कप करून द्या, साखरेचं पथ्य असेल तर बिनसाखरेचा, रिकामा कप पुढ्यातच राहू दे.

आणि दुपारी निवांत असाल तेव्हा मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून शेजारी बसा आणि ओवी सुरू करून द्या, पुढच्या त्या म्हणतील. लग्नाला कोण कोण आलतं तेही विचारून घ्या, नावानिशी.